चालू फोल्डरची पूर्वपीठिका

संगणकाच्या पडद्यावर एका बाजूस फाइलींची चित्रे मांडलेली खिडकी उघडी असावी, दुसऱ्या बाजूस टर्मिनलच्या काळ्या पाटीवर कर्सर लुकलुकत असावा, आणि पहिल्या खिडकीत जो फोल्डर डोळ्यांसमोर आहे नेमक्या त्याच फोल्डरात दुसऱ्या खिडकीतून एखादी आज्ञा चालविण्याची निकड पडावी, असा प्रसंग संगणकावर पोट भरणाऱ्या बहुतेकांवर केव्हा ना केव्हा येतोच. याच्या उलट दिशेचे काम अगदी सुलभ आहे. मॅकच्या टर्मिनलमध्ये ‘ओपन’ हा शब्द लिहून पुढे एक टिंब दिले, विंडोजवर ‘एक्सप्लोरर’ लिहून तेच टिंब दिले, किंवा लिनक्सवर ‘एक्सडीजी-ओपन’ लिहून तसेच केले, की टर्मिनल ज्या ठिकाणी उभे आहे त्या ठिकाणाची सचित्र खिडकी तत्काळ हजर होते. परंतु टर्मिनलने खिडकीस उलट विचारावे, की या क्षणी तुझ्यात कोणता फोल्डर दिसत आहे, तर एवढ्या साध्या प्रश्नासाठी प्रत्येक प्रणालीत निराळी भाषा, निराळा मध्यस्थ आणि निराळा शिष्टाचार सांभाळावा लागतो. एका दिशेस एक टिंब पुरते आणि दुसऱ्या दिशेस अर्जविनंत्या कराव्या लागतात, ही विषमता कोणा एका कारागिराच्या हयगयीतून आलेली नाही. ‘चालू फोल्डर’ ही कल्पना ज्या रीतीने जन्मास आली आणि पुढे ज्या रीतीने दुभंगली, त्या रीतीतच तिचे मूळ आहे.

वापरणारा मनुष्य कोणत्याही वेळी कोणत्या तरी एका डिरेक्टरीत, म्हणजे आजच्या भाषेत फोल्डरात, ‘असतो’, हा विचार मल्टिक्स या प्रणालीच्या आराखड्यात स्पष्ट शब्दांत आढळतो. आर. सी. डेली आणि पी. जी. न्यूमन यांनी १९६५ साली त्या प्रणालीच्या फाइलव्यवस्थेवर जो निबंध सादर केला, त्यात डिरेक्टरीच्या पोटी डिरेक्टरी अशी वृक्षाकार रचना होती. आणि प्रत्येक फाइलीचे मुळापासूनचे लांबलचक नाव दर वेळी लिहिण्याचे श्रम वाचावेत, म्हणून वापरणाऱ्याची एक कामाची डिरेक्टरी मानावी व आखूड नावांचा अर्थ तिच्यापासून लावावा, अशी योजना होती. म्हणजे आरंभी ही केवळ लेखनाची सवलत होती. आपण कोठे आहोत हे छापून दाखविणारी जी आज्ञा मल्टिक्समध्ये होती तिचे संक्षिप्त नाव ‘पीडब्ल्यूडी’ असे होते, आणि तीच तीन अक्षरे पुढे युनिक्सने उचलली. आपल्याकडे ती ऐकताच रस्ते, पूल आणि डाकबंगले आठवतात, हा भाग अलाहिदा.

न्यू जर्सीतील मरे हिल येथे, बेल प्रयोगशाळेत, केन थॉम्प्सन यांनी १९६९ साली पीडीपी-७ या लहानशा यंत्रावर जी प्रणाली उभी केली तिच्यात मात्र ही सवलत सवलत न राहता अपरिहार्य गरज झाली, कारण त्या यंत्रावरील युनिक्समध्ये मार्गनामेच नव्हती. फाइलीचे नाव म्हणजे एक सुटा शब्द, आणि त्याचा शोध चालू डिरेक्टरीतच व्हावयाचा. दुसऱ्याच्या डिरेक्टरीतील एखादी फाइल हवी असेल तर प्रथम त्या डिरेक्टरीची जोडणी आपल्याकडे करून घ्यावी, मग तिच्यातील फाइलीची जोडणी करावी, आणि काम होताच पहिली जोडणी मोडून टाकावी, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे. प्रणाली चालू असता नवी डिरेक्टरी निर्माण करण्याचीही तजवीज नव्हती. कागदी फितीवरून सबंध फाइलव्यवस्था नव्याने मांडली जाई तेव्हाच काय त्या डिरेक्टऱ्या जन्मास येत. अशा आवळलेल्या संसारात जागा बदलण्याची आज्ञा, जिला ‘चडिर’ म्हणत, ही रोजच्या व्यवहाराची किल्लीच होती.

हीच किल्ली एके दिवशी अकस्मात चालेनाशी झाली. डेनिस रिची यांनी १९७९ साली युनिक्सच्या उत्क्रांतीविषयी जो लेख लिहिला त्यात ही हकिकत आली आहे, आणि आपल्या विषयाचे बीज तिच्यात पूर्णपणे साठविलेले असल्यामुळे ती थोड्या विस्ताराने सांगणे योग्य होईल. या प्रसंगापूर्वी प्रत्येक टर्मिनलमागे एकच प्रोसेस, म्हणजे चालू असलेला एकच प्रोग्राम, असे; आज्ञा चालवावयाची म्हणजे त्याच प्रोसेसच्या स्मृतीत, आज्ञा वाचणाऱ्या शेलच्या जागी त्या आज्ञेचा प्रोग्राम उतरवावयाचा, आणि तो संपला की पुन्हा शेल ताजा करून आणावयाचा. मग एका प्रोसेसपासून तिचीच दुसरी प्रत काढणारी ‘फोर्क’ ही सोय थॉम्प्सन यांच्या प्रणालीत आली. पीडीपी-७ वर तिला असेंब्ली भाषेच्या अवघ्या २७ ओळी पुरल्या, आणि आता शेल आपल्या जागी कायम राहून प्रत्येक आज्ञेसाठी स्वतंत्र अपत्य-प्रोसेस निर्माण करू लागला. मंडळी या यशाच्या आनंदात असतानाच ‘चडिर’ निकामी झाल्याचे ध्यानात आले. फोर्कच्या त्या थोड्या ओळींनी जागा बदलण्याची क्रिया कशी बिघडविली असावी, याचा त्यांनी पुष्कळ खल केला, आणि अखेर जे सत्य हाती लागले ते असे की काहीच बिघडले नव्हते. ‘चडिर’ ही आज्ञा चालविण्यासाठी निर्माण झालेली प्रोसेस आपली स्वतःची डिरेक्टरी यथासांग बदलीत होती, आणि बदलताच मरून जात होती. तिला जन्म देणारा शेल जेथल्या तेथे राहत होता. यावर उपाय म्हणून जागा बदलण्याची आज्ञा अपत्याकडे न सोपविता खुद्द शेलने आपल्या पोटात चालवावी असे ठरले, आणि आजही ‘सीडी’ ही आज्ञा त्याच नियमाने चालते.

या प्रसंगातून जो कायदा प्रस्थापित झाला तो असा, की चालू डिरेक्टरी ही यंत्राची नव्हे, वापरणाऱ्याचीही नव्हे, तर एकेका प्रोसेसची खाजगी मिळकत आहे. अपत्यास ती वारशाने मिळते. परंतु अपत्याने कितीही देशाटन केले तरी त्याची फलप्राप्ती जन्मदात्यास होत नाही. टर्मिनलमधून टिंब देऊन खिडकी उघडता येते याचे कारण हेच, की त्या टिंबाचा अर्थ वारशाबरोबर खाली उतरतो. खालून वर मात्र तो चढत नाही, आणि शेजाऱ्याकडे तर आपोआप मुळीच जात नाही. शिवाय जुन्या युनिक्सच्या गाभ्यास चालू डिरेक्टरीचे नावही ठाऊक नसे, फक्त तिचा क्रमांक ठाऊक असे. ‘पीडब्ल्यूडी’ ही आज्ञा दोन टिंबांच्या वाटेने एकेक पायरी वर चढे, वरच्या डिरेक्टरीच्या यादीत आपला क्रमांक कोणत्या नावापुढे आहे ते पाही, आणि अशा रीतीने मुळापर्यंत जाऊन सबंध मार्ग जुळवी. दुसऱ्या प्रोसेसची विचारपूस करण्याचा रुळलेला मार्ग पुढे मिळाला. टॉम किलियन यांनी १९८४ साली प्रोसेसनाच फाइलींचे रूप देण्याची कल्पना मांडली, आणि तिच्या वंशातील लिनक्सच्या ‘प्रॉक’ या विभागात प्रत्येक प्रोसेसच्या नावे ‘सीडब्ल्यूडी’ अशी एक जोडणी ठेवलेली असते, जी वाचली की त्या प्रोसेसचा मुक्काम कळतो.

मग ती सचित्र खिडकी दाखविणाऱ्या फाइल मॅनेजरचा मुक्काम याच मार्गाने का विचारू नये? विचारून पाहावे, उत्तर मिळते, पण ते निरुपयोगी असते. लिनक्सवरील नॉटिलसची जोडणी वाचली तर बहुधा वापरणाऱ्याचे गृह-फोल्डर पुढे येते, मॅकवरील फाइंडरची चौकशी केली तर सगळ्याचे मूळ असलेली तिरपी रेघ पुढे येते, मग खिडकीत कोणताही फोल्डर उघडा असो. पुण्याच्या दफ्तरात बसलेल्या कारकुनापुढे एकाच वेळी चार सुभ्यांचे रुमाल सुटलेले असले तरी त्याचा स्वतःचा मुक्काम पुणेच राहावा, तसा हा प्रकार आहे. खिडकीत दिसणारा फोल्डर ही त्या प्रोसेसची जागा नव्हे, तर तिने समोर मांडलेले कागद आहेत. आणि समोर कोणते कागद आहेत हे तिलाच विचारल्यावाचून कळावयाचे नाही.

पाहण्याची जागा आणि काम करण्याची जागा ही दोन एकच होती, असाही एक काळ होऊन गेला आहे, आणि तो या व्यवहारातील सुखाचा काळ होता असे माझे मत आहे. एमएस-डॉसच्या १९८१ च्या पहिल्या आवृत्तीत डिरेक्टरीच्या पोटी डिरेक्टरी नव्हती. १९८३ च्या मार्च महिन्यात, दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेल्या आयबीएम पीसी एक्सटीबरोबर जी दुसरी आवृत्ती आली तिने ती युनिक्सकडून घेतली. परंतु डॉसने चालू डिरेक्टरी प्रोसेसच्या नावे न लिहिता सबंध यंत्राच्या नावे लिहिली, आणि तीही प्रत्येक ड्राइव्हसाठी निराळी. युनिक्सच्या पंडितांस हा अडाणीपणा वाटला असेल. पण त्यामुळेच जॉन सोचा यांनी लिहिलेल्या आणि १९८६ साली बाजारात आलेल्या नॉर्टन कमांडरमध्ये, वर निळ्या रंगाचे दोन तक्ते व खाली आज्ञेची ओळ, असे जे दृश्य दिसे, त्यात ज्या तक्त्यावर पट्टी आहे त्याचाच फोल्डर खालच्या ओळीचाही फोल्डर असे. हा एक मुक्काम दोन ठिकाणी दिसतो आहे, असा विचारही कोणाच्या मनात येत नसे.

मॅकिंतॉशचा पंथ अगदीच निराळा. २४ जानेवारी १९८४ रोजी जे यंत्र लोकांपुढे आले त्यात आज्ञेची ओळच नव्हती, आणि ब्रूस हॉर्न व स्टीव्ह कॅप्स यांनी लिहिलेला फाइंडर हाच वापरणाऱ्याचा आणि डिस्कचा मुख्य दुवा होता. त्यातही मौज अशी, की त्या पहिल्या मॅकच्या चारशे किलोबाइटच्या फ्लॉपीवर फोल्डर वस्तुतः नव्हतेच. फाइलव्यवस्था सपाट होती. अमुक फाइल अमुक फोल्डरात आहे ही नोंद फाइंडर आपल्या खाजगी वहीत ठेवी, आणि एकाच डिस्कवर दोन निरनिराळ्या फोल्डरांत एकाच नावाच्या दोन फाइली ठेवणे शक्य नसे. नवा फोल्डर करण्याची आज्ञाही नव्हती. ‘एम्प्टी फोल्डर’ नावाचा एक रिकामा फोल्डर सदैव हजर असे, त्यास नाव दिले की दुसरा रिकामा त्याच्या जागी उभा राही. दुसऱ्या एखाद्या प्रोग्राममधून फाइल उघडावयास गेले तर फोल्डर नाहीसे होऊन साऱ्या फाइली एका लांब यादीत दिसत. तेव्हा फाइंडरच्या खिडकीतील फोल्डर कोणता, हा प्रश्न १९८४ साली बाहेरून विचारणेच निरर्थक होते, कारण फाइंडरच्या बाहेर त्या फोल्डरला अस्तित्वच नव्हते. १९८५ च्या सप्टेंबरात एचएफएस ही नवी व्यवस्था आली तेव्हा हे मायिक फोल्डर डिस्कवर प्रत्यक्ष उतरले.

तरीही ‘चालू फोल्डर’ ही कल्पना मॅकने स्वीकारली नाही. तेथे प्रत्येक फोल्डरची स्वतःची एकच खिडकी असे. ती जेथे ठेवली तेथेच, त्याच आकारात पुन्हा उघडे. खिडकी म्हणजेच फोल्डर अशी ती निष्ठा होती. अशा सृष्टीत मनुष्य कोणत्याही एका फोल्डरात ‘नसतो’. त्याच्यासमोर अनेक फोल्डर उघडे पडलेले असतात, आणि तो त्या सर्वांच्या बाहेर उभा असतो. टर्मिनलच्या माणसाची सारी विचारपद्धती ‘मी कोठे आहे’ येथून सुरू होते, आणि मॅकच्या माणसाची ‘माझ्यापुढे काय आहे’ येथून. या दोन दर्शनांत मतभेद आहे एवढेच नव्हे, तर पहिल्याचा प्रश्न दुसऱ्याच्या परिभाषेत नीट मांडताही येत नाही; आणि पुढील तीस वर्षांत ज्या ज्या युक्त्या निघाल्या त्या या अडचणीवरील तडजोडी होत, असे मला वाटते.

ॲपलने १९९० साली आपल्या ए/यूएक्स या युनिक्सवर फाइंडर आणून बसविला खरा, पण त्याचा प्रसार बेताचाच झाला. खरा सोयरसंबंध जुळला तो २४ मार्च २००१ रोजी, मॅक ओएस टेनच्या रूपाने. त्याची मातृभूमी नेक्स्टस्टेप ही प्रणाली होती, आणि ‘ओपन’ ही आज्ञाही तिकडचीच. फोल्डर ओढून टर्मिनलवर सोडला की त्याचा मार्ग तेथे अक्षरांत उमटावा ही चतुराईही याच कुळातील. विचारपूस करण्याचे साधन मात्र जुन्या मॅककडून आले. १९९१ च्या सिस्टिम सेव्हनपासून एक प्रोग्राम दुसऱ्यास निरोप धाडू शकत होता, आणि १९९३ साली निघालेल्या ॲपलस्क्रिप्टने त्या निरोपास मनुष्याच्या बोलीसारखी भाषा दिली. टर्मिनलमधून ‘ओएसएस्क्रिप्ट’ या आज्ञेद्वारा फाइंडरला निरोप जातो, की तुझ्या सर्वांत पुढच्या खिडकीचे लक्ष्य कोणते ते युनिक्सच्या मार्गलेखनात कळव. पण खिडकी एकही उघडी नसेल तर हा निरोप चुकीचा ठरून परत येतो, म्हणून जाणते लोक दुसरा शब्द योजतात: ‘इन्सर्शन लोकेशन’. त्याची व्याख्या मोठी मार्मिक आहे. या क्षणी ‘नवा फोल्डर’ ही आज्ञा दिली तर तो फोल्डर जेथे निर्माण होईल, ते ठिकाण. आणि खिडकी नसेल तर डेस्कटॉप. ‘तू कोठे आहेस’ याचे उत्तर फाइंडरपाशी नव्हते, म्हणून ‘तू आता काही केलेस तर ते कोठे घडेल’ असा प्रश्न फिरवून घ्यावा लागला. युनिक्सची चालू डिरेक्टरी तरी याहून निराळे काय सांगते? मला तर ही व्याख्या साऱ्या व्यवहारातील सर्वांत प्रामाणिक वाटते.

विंडोजवरील मामला अधिक किचकट आहे. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बरोबर एक्सप्लोरर अवतरला, आणि त्याच्या वृक्षात डिस्कवरील फोल्डरांच्या पंक्तीस कंट्रोल पॅनेल, प्रिंटर आणि रिसायकल बिन ही मंडळीही मांडी घालून बसली, ज्यांना मार्गनाम म्हणून काही नाही. त्यांचा मुक्काम विचारला तर डिस्कवरील पत्त्याऐवजी एक लांबलचक सांकेतिक ओळखक्रमांक मिळतो, आणि त्या पत्त्यावर टर्मिनलला जाता येत नाही. उघड्या खिडक्यांची यादी विंडोजच्या शेलच्या कॉम या यंत्रणेकडून मिळू शकते; तीत इंटरनेट एक्सप्लोररच्याही खिडक्या नोंदल्या जात, कारण मध्यंतरी फोल्डर आणि वेबपान यांत भेद राखू नये असा मायक्रोसॉफ्टचा हट्ट होता. समोरच्या खिडकीतून तिच्या फोल्डरपर्यंत पोहोचण्याची वाट रेमंड चेन या मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याने २००४ साली विवरून दाखविली. ती एका वस्तूकडून दुसरी, दुसरीकडून तिसरी, अशी दाखले गोळा करीत जाणारी आहे. खिडकीच्या क्रमांकावरून फोल्डर ओळखण्याची ही वहिवाट २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत बरी चालली. मग विंडोज ११ च्या एक्सप्लोररला टॅब आले, एकाच क्रमांकाच्या खिडकीत अनेक फोल्डर नांदू लागले, आणि पुष्कळांच्या जुन्या स्क्रिप्टा संभ्रमात पडल्या. जाळ्यावरील दुसऱ्या यंत्राचा फोल्डर समोर असेल तर आणखी एक फजिती होते: दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारा तो पत्ता विंडोजचा जुना आज्ञा-शेल ‘सीएमडी’ चालू डिरेक्टरी म्हणून मान्यच करीत नाही, आणि तक्रार नोंदवून विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात जाऊन बसतो.

लिनक्सच्या प्रांतात दोन्ही परंपरा शेजारीशेजारी नांदल्या. मिगेल दि इकाझा यांनी १९९४ साली नॉर्टन कमांडरच्या धर्तीवर मिडनाइट कमांडर लिहिला, पण युनिक्सच्या भूमीवर येताच त्यास १९६९ च्या सुमाराचा तो जुना कायदा लागू झाला: तक्त्यात कितीही फिरावे, बाहेर पडताच शेल आपला पूर्वीच्याच ठिकाणी. यावर काढलेला तोडगा इतका साधा आहे की त्याचे कौतुकच वाटते. जाताजाता मिडनाइट कमांडर आपला शेवटचा मुक्काम एका तात्पुरत्या फाइलीत लिहून ठेवतो, आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली छोटी स्क्रिप्ट ती चिठ्ठी वाचून शेलला तेथे नेते. अपत्य मरून जाते, पण मरण्यापूर्वी मृत्युपत्र करून ठेवते. रेंजर, एलएफ यांसारख्या अलीकडच्या टर्मिनलमधील फाइल मॅनेजरांनीही हीच रीत पत्करली आहे.

खिडक्यांच्या बाजूस नॉटिलस आला. मूळ मॅकच्या कारागिरांपैकी अँडी हर्ट्झफेल्ड हे ज्या ईझेल कंपनीच्या संस्थापकांत होते, तिने तो घडविला; त्याची पहिली आवृत्ती २००१ च्या मार्चमध्ये निघाली आणि मे महिन्यात कंपनी बंद पडली. २००४ साली नोम या डेस्कटॉपच्या २.६ या आवृत्तीने नॉटिलसला जुन्या मॅकचे व्रत दिले, म्हणजे एक फोल्डर तर एक खिडकी. लोकांनी त्याविरुद्ध इतकी कुरकुर केली की काही वर्षांनी, २०१० च्या सुमारास, ते व्रत सोडण्यात आले. एकीकडे ही दर्शनांची ओढाताण चालली असता कामाच्या माणसांनी आडवाटा शोधल्या होत्या. कोणी खिडकीच्या मथळ्यात पूर्ण मार्ग दिसेल अशी व्यवस्था करून तो मथळाच टर्मिनलमधून वाचून घेई, ही युक्ती पाटी वाचून घरमालक ओळखण्याइतकीच भरवशाची. कोणी नॉटिलसच्या स्क्रिप्टांचा आश्रय घेई, ज्यांना चालू फोल्डरचा पत्ता एका ठरीव नावाच्या चलात आयता मिळतो. पुढे डी-बस या सामायिक निरोप्यावर फाइल मॅनेजरांसाठी एक सर्वमान्य नाव ठरले, आणि नॉटिलस त्यावर उघड्या खिडक्यांची व त्यांतील ठिकाणांची यादी जाहीर करू लागला. येथेही उत्तर यादीचेच आहे. त्यांतील नेमकी कोणती खिडकी वापरणाऱ्याच्या मनात होती, हे विचारणाऱ्याने ठरवावयाचे.

नॉर्टन कमांडरच्या काळातील ऐक्याच्या अगदी जवळ पोहोचला तो केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपचा डॉल्फिन, जो २००८ च्या जानेवारीत चौथ्या केडीईबरोबर मुख्य फाइल मॅनेजर झाला. एफ-४ दाबले की त्याच्या तळाशी टर्मिनल उघडते. वर फोल्डर बदलला की खाली जागा बदलते, आणि खाली ‘सीडी’ केली की वरची चित्रे बदलतात. हे साधते कसे, ते पाहण्याजोगे आहे. प्रोसेसची मिळकत बाहेरून बदलता येत नाही हा कायदा अद्याप अबाधित असल्यामुळे डॉल्फिन शेलला हुकूम करू शकत नाही; तो जणू कोणी कळफलकावर बसला आहे अशा रीतीने ‘सीडी’ ही आज्ञा स्वतः टंकित करतो, आणि ती शेलच्या आज्ञांच्या बखरीत नोंदली जाऊ नये म्हणून तिच्याआधी एक कोरी जागा सोडतो. टर्मिनलमध्ये त्या वेळी एखादा प्रोग्राम चालू असेल तर ही अक्षरे त्याच्या तोंडात जातील, म्हणून तशा वेळी तो काहीच पाठवीत नाही. वरची खिडकी पुढच्या फोल्डरात जाते आणि खालचे टर्मिनल मागच्या फोल्डरात राहते.